रिकाम्या बाजूला दिलेली ओ

आमच्या डोंगरात पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. भूत एकदाच हाक मारतं, माणूस दुसऱ्यांदा मारतो, असा सरळ हिशेब. त्यामुळे मोखाड्याकडे कुणी हाकेसरशी उठला नाही तर तो बहिरा ठरत नाही, शहाणा ठरतो. माझी वहिनी लग्न होऊन आमच्या पाड्यावर आली तेव्हा आईनं तिचं याच गोष्टीसाठी कौतुक केलं. "वळणाची पोर हाय, पहिल्या हाकेला हलत नाय," असं ती साऱ्या पाड्याला सांगायची.

हे कौतुक भाताच्या झोडणीपर्यंत टिकलं.

खळ्यावर आईनं तिला डावीकडून हाक मारली, थांबून पुन्हा मारली. वहिनी वळली ती उजवीकडे. तिथं पेंढ्याच्या ढिगाखेरीज काही नव्हतं. त्या ढिगाकडे बघून ती गोड आवाजात म्हणाली, "काय आत्या?" झोडणाऱ्या बायांचे हात जागीच थांबले. आईचा चेहरा पांढरा पडला. त्या ढिगापाशी आपल्याला न दिसणारं कुणीतरी उभं आहे आणि आपली सून त्याला ओळखते, हे तिनं त्याच क्षणी मनाशी पक्कं केलं.

मी जन्माचा संशयी. बाजारातला गूळसुद्धा हुंगल्याशिवाय घरात आणत नाही. पण त्या दिवसांत आईनं मला मागं टाकलं. वहिनी चुलीपाशी पाठमोरी बसली की ही दाराआडून तिला हाक मारायची आणि मान कुठं वळते ते बघायची. मान नेमकी रिकाम्या कुडाकडे वळायची. त्यातच माझ्या भावाला, दादाला, हिवताप भरला. तो उतरेना, तशी पाड्यावर कुजबुज सुरू झाली. आईनं भगताला बोलावलं. त्यानं तांदूळ मांडून पाहिले आणि हा ताप कुणी लावला त्याचं नाव अमावास्येनंतर सांगतो, असं तो म्हणाला. कुणाचं नाव, ते सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. भुताळी म्हणून नाव लागलं की बाईला सासर राहत नाही आणि माहेरही दार उघडत नाही. वहिनीला यातलं काही कळलं नव्हतं. भगताची नजर तांदळांवर कमी आणि आमच्या बोकडावर जास्त होती, एवढं मी मात्र पाहून ठेवलं होतं.

अमावास्येच्या आत मी दादाला गाडीत घालून जव्हारला, संस्थानच्या दवाखान्यात नेलं. शुश्रूषेला वहिनी आली, आणि वहिनीवर नजर ठेवायला आई.

डॉक्टर घाटावरचा, नवा होता. दादाला कोयनेल देऊन तो वहिनीच्या डाव्या हाताला आला आणि त्यानं तिला काहीतरी विचारलं. वहिनीनं उजवीकडच्या कपाटाला उत्तर दिलं. आईनं मला कोपर मारलं. डॉक्टर दचकायच्या ऐवजी खूश झाला, आणि ते मला मुळीच रुचलं नाही. दुसऱ्याचं दुखणं बघून ज्याचं तोंड खुलतं, त्याच्या हाती आपलं माणूस कशाला द्यायचं?

तो म्हणाला, "एकाच कानानं ऐकणारी माणसं मी शोधतो आहे. त्यांचं त्यांनाही कळत नाही. ती ओळखायची कशी आणि कशानं कुणाला गुण येतो, ते मला पडताळून बघायचंय."

"म्हंजी आमच्या मानसावर प्रयोग?" मी विचारलं.

"हो," तो म्हणाला.

इतकं सरळ उत्तर मला अपेक्षित नव्हतं. मी त्याच्या हातांवर डोळा ठेवला.

त्यानं वहिनीचा एक कान बोटानं दाबून दुसऱ्यापाशी खिशातलं घड्याळ धरलं. उजव्या कानाला ती म्हणाली, "किडा लाकूड कुरतडतोय." डाव्या कानाला काही बोललीच नाही. त्यानं आरशानं उजेड पाडून कानात पाहिलं, आत स्वच्छ होतं. मग पोलादाचा एक दोन दांड्यांचा चिमटा स्वतःच्या गुडघ्यावर आपटला आणि तो घुमायला लागल्यावर त्याचं बूड तिच्या कपाळाच्या मधोमध टेकवलं. "आवाज कुठं येतो?" वहिनीनं उजव्या कानाला हात लावला. डॉक्टरचा चेहरा उतरला.

"डाव्या कानात मळ किंवा पू अडकला असता, तर हा आवाज डाव्याच बाजूला गेला असता," त्यानं मला समजावलं. "मग अडकलेलं मी काढलं असतं. पण आतली नसच मेली आहे. लहानपणी गालगुंडं झाली होती का?"

वहिनीनं होकाराची मान हलवली.

"मग माझ्याकडे औषध नाही."

तेव्हा कुठं माझा त्याच्यावर विश्वास बसला. लबाड माणूस कुणाला रिकाम्या हातानं परत पाठवत नाही.

आई मात्र हटेना. आमच्याकडे देवालाही अरेतुरेच करतात, तिथं डॉक्टरची काय कथा. "बहिरी असती तर वळली कशाला रं? आनि रिकाम्या बाजूलाच का?"

डॉक्टरनं तेलात भिजवलेला कापूस आईच्या डाव्या कानात घट्ट बसवला, वरून तळहात दाबून धरला आणि डोळे मिटायला सांगितलं. मग वहिनीला डावीकडून हाक मारायची खूण केली. "आत्या!" पहिल्या हाकेला आई अर्थातच हलली नाही. दुसऱ्या हाकेला ती उजवीकडे वळली आणि कपाटाला म्हणाली, "काय गं?"

डोळे उघडले तर समोर कपाट. तिनं कापूस उपसून काढला. "ह्यात काय घातलंस? सांग!" डॉक्टरनं तो हुंगायची खूण केली. तिनं हुंगला, मग मी हुंगला. साधं तिळाचं तेल होतं. आई म्हणाली, "मंग त्या ढिगाशी कुनीच नव्हतं."

वहिनी आमच्याकडे आळीपाळीनं बघत होती. "म्हंजी तुमाला दोन्हीकडनं ऐकू येतं?" तिनं विचारलं. सगळं जग आपल्यासारखंच ऐकतं, असं ती आजवर धरून चालली होती.

जीव भांड्यात पडला की आईची जीभ सैल सुटते. "मी तुला मागनं हाका मारायची गं, कोनाला ओ देतेस ते बघायला. तो भगत पन उगाच बोलावला."

"भगत कशाला?" वहिनीनं विचारलं.

आई हातातला कापूस पिंजायला लागली. वहिनीला ते आपसूक कळलं.

आईनं भगताला परत पाठवलं, दादा कोयनेलानं उठला, आणि वहिनी आमच्याच घरात नांदली. आम्ही तिला उजवीकडून हाक मारायला शिकलो. मला त्याचा अभिमानच वाटायचा. जेवायला असो, दळायला असो, ती डावा खांदा कुडाला लावूनच बसायची. ऐकायला सोपं जातं म्हणून, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगायचो. एकदा तिच्यादेखत सांगितलं, तेव्हा तिनं भाकरी थापता थापता मान वर केली.

"ऐकायला नाय, भावजी," ती म्हणाली. "त्या बाजूला तुमच्यापैकी कुनी उभं राहू नये म्हनून."