मागं पडणारा पाय

रहिमतपूरच्या आमच्या कॉलेजात विद्यार्थी आणि गावकरी मिळून एका कार्यक्रमासाठी गाणी रचत होते. आमच्या गटात एक बाई होत्या. त्यांचा फौजी नवरा सीमेवर मारला गेला होता. आम्ही उत्साहानं 'अमर वीरा' अशी ओळ लिहिली. त्यांनी माझ्याच पेनानं ती खोडली.

"पुतळा नगं, माझा माणूस लिवा. लेझीम खेळताना त्येंचा पाय कायम मागं पडायचा."

आम्ही तसं लिहिलं. तालमीत गाताना त्या ओळीवर त्या पदर खोचून पाय उशिराच आपटायच्या.

गाणं बसवून घेणारे सर म्हणाले, "ताई, ठेका चुकतोय."

"चुकू द्या. त्ये असंच खेळायचे."

कार्यक्रमात त्या ओळीवर आम्ही सगळ्यांनी पाय उशिरा आपटला. एकानंही वेळेवर नाही.