नऊ, दहा की पंचेचाळीस

माझी बायको बंदूक चालवायची, असं सांगितलं की मराठी माणसं आधी हसतात. मग मी हसत नाही हे बघून गप्प होतात. काही जण विचारतात, "काका, खरंच?" खरंच. मला खोटं बोलायला शिकवलंच नाही कोणी. शाळा सातवीपर्यंत, पुढं लेथ मशीन. मेव्हण्यानं इकडं परदेशात बोलावलं तेव्हाही लेथच केलं, मोटारीचे पार्ट कापले, आणि पेन्शनीत निघालो. लिहायची सवय नाही. पण ती गेली, आणि हे दुसरं कोणाला माहीत नाही, म्हणून लिहितो.

आम्ही ॲन आर्बरच्या बाहेर राहतो. शहराच्या बस जिथं वळून परत जातात, त्याच्याही पुढं. थोडी जमीन आहे, गोठा आहे, शेळ्या आहेत. शेळ्या तिच्या. मी नुसता खुंट्या ठोकणारा आणि शिव्या खाणारा.

एका साली थंडीत तिच्या उजव्या छातीचं, कॅन्सरचं, ऑपरेशन झालं. उजवा हात खांद्याच्या वर जाईना. औषधं चालू होती. आणि वसंतात शेळ्या व्यायला लागल्या तसा कायोटी यायला लागला. कायोटी म्हणजे कोल्ह्याहून मोठा, लांडग्याहून लहान, आणि दोघांहून हरामी. कुंपणाखालून माती उकरून आत यायचा. एक करडू नेलं. आम्ही खाली जाळी पुरली. दुसरीकडून उकरून दुसरं नेलं.

मुलगी लांब पश्चिमेच्या टोकाला, सनीव्हेलला असते. इथंच जन्मली, कॉम्प्युटरच्या चिपच्या कंपनीत आहे. व्हिडिओवर आईचा चेहरा बघून ती म्हणाली, "आई, इनफ. शेळ्या विकून टाक. तुम्ही दोघं इकडे या. बिल्डिंगला एलिव्हेटर आहे, डॉक्टर जवळ आहे. व्हाय आर यू डूइंग धिस?"

बायको म्हणाली, "मला माझ्या शेळ्या राखता आल्या नाहीत तर येईन. राखता आल्या तर हा विषय परत काढायचा नाही."

"राखणार कशी? यू कान्ट ईव्हन लिफ्ट युवर आर्म!"

"ते मी बघते. तू हो म्हण."

"फाइन. डील."

पोरीला वाटलं, आई उन्हाळ्यात सनीव्हेलला येणार. मलाही तसंच वाटलं. माझे हात थरथरतात, डोळ्यात मोतीबिंदू. माझ्या हातात बंदूक दिली असती तर कायोटी सोडून शेळ्याच मेल्या असत्या. म्हणजे राखायचं होतं ते तिनंच. आणि ती नुसती शेळ्यांसाठी भांडत नव्हती, हे मला कळत होतं. ऑपरेशननंतर सगळेच तिला इकडून तिकडं उचलून ठेवत होते. तिला स्वतःच्या घरात, स्वतःच्या पायावर राहायचं होतं. बस्स.

बंदुकीच्या दुकानात आम्ही दोघं गेलो. मागं नेमबाजीची जागा असलेलं मोठं दुकान. मालक दाढीवाला, पोट सुटलेला, आवाज मात्र मऊ. तिनं सगळं सांगितलं: ऑपरेशन, खांदा, करडं. तो म्हणाला, मोठी रायफल नको, खांदा सहन करणार नाही, आणि तिची गोळी पलीकडच्या शेतात जाऊन कोणाच्या तरी खिडकीत घुसेल. पिस्तूलही नको, एका हातानं नेम धरवत नाही. त्यापेक्षा कार्बाइन घ्या. म्हणजे गोळी पिस्तुलाची, पण बंदूक खांद्याला लावून दोन्ही हातांनी धरायची.

"यात तीन मापं देतो," तो म्हणाला. "नऊ एमएम, दहा एमएम, आणि पंचेचाळीस."

मी लगेच पुढं सरकलो. मापाचं काम म्हणजे माझं काम. आमच्या कारखान्यात इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणायचे. मी मनातल्या मनात हिशेब केला. पंचेचाळीस म्हणजे इंचाच्या शंभर भागांतले पंचेचाळीस, साडेतीन सुताच्या वर. नऊ म्हणजे तीन सुतालाही कमी. मी तिला मराठीत म्हटलं, "पंचेचाळीस घे. जाड आहे. जाड ते दणकट."

ती म्हणाली, "दाराला खिळा घ्यायला आलोय का आपण? तुमचं ते सूत चुलीत घाला."

मालकानं विचारलं, काय म्हणताहेत? मी म्हटलं, शी इज थिंकिंग.

तो म्हणाला, आज तिन्ही चालवून बघा, जी आवडेल ती घ्या. सगळे तसंच करतात. ही म्हणाली, "आज नको. मी परत येईन." आणि तडक गाडीत जाऊन बसली.

मला राग आला. एवढ्या लांब यायचं आणि हात न लावता परत जायचं? गाडीत तिनं कारण सांगितलं. कोल्हापूरकडं तिच्या माहेरी उन्हाळ्यात लोकांच्या मिरच्या कांडून द्यायचा धंदा होता. नवी बाई कामाला आली की सकाळी सगळ्यात जड मुसळ उचलायची, दाखवायला. दुपारपर्यंत तिचा हात जायचा, आणि तिखट जाडंभरडं पडायचं. माझ्या सासूचा नियम होता: मुसळ निवडायचं तर सकाळी उचलून बघायचं नाही, दमल्यावर उचलून बघायचं. दमल्यावर जे नीट पडतं ते तुझं.

"आज मी झोपून आलेय, चहा पिऊन आलेय," ती म्हणाली. "आज मला तिन्ही जमतील. कायोटी काय मला विचारून येणार आहे, बाई बरं वाटतंय का म्हणून?"

मी गाडी घराकडं वळवली. 

औषध चढवल्यानंतरचा दिवस तिचा सगळ्यात वाईट असायचा. तोच दिवस तिनं निवडला. सकाळी दूध काढलं, पाण्याच्या बादल्या ओढल्या, मी अडवलं तर माझ्यावर ओरडली. चेहरा पांढराफटक. तशी ती दुकानात आली. मालक बघून घाबरला. "मॅम, आज नको." ती म्हणाली, "आजच." मग तो तिच्या मागं हातभर अंतरावर उभा राहिला, आणि शेवटपर्यंत हलला नाही. माणूस चांगला होता.

उजवा खांदा कामाचा नव्हता म्हणून तिनं बंदूक डाव्या खांद्याला लावली. आधी पंचेचाळीस. माझी. धक्का तिनं सोसला, म्हणाली, ढकलते नुसती, मारत नाही. पण गोळी नळीत घ्यायचा तिचा दांडा मागं ओढायला फार जड. गोळ्यांची दुसरी मॅगझिन लावून परत ओढायला गेली आणि हात अर्ध्यात अडकला. तिनं बंदूक खाली ठेवली.

मग दहा. मला वाटलं, ही नऊसारखीच असणार. एका एमएमचा तर फरक! एवढ्या फरकाला आम्ही कारखान्यात लेथवर एक हलका काप मारून मोकळे व्हायचो. पहिल्याच गोळीला तिचा खांदा मागं गेला, तोंड वाकडं झालं. दुसरी झाडली आणि म्हणाली, "ह्यात मिरी जास्त झालीय."

मी मालकाला विचारलं, हे कसं? नऊ आणि दहात एवढा फरक? तो म्हणाला, "सर, गोळी किती जाड ते बघू नका. तिच्या मागं दारू किती भरलीय ते बघा."

जन्मभर मी जाडी मोजली. मागं काय भरलंय ते कधी मोजलं नाही.

शेवटी नऊ. तिनं अख्खी मॅगझिन संपवली. मध्ये दोनदा थांबून श्वास घेतला. मालकानं कागद ओढून जवळ आणला. शेवटची भोकं पहिल्या भोकांच्या शेजारीच होती. त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. मग प्रामाणिकपणे सांगितलं: नऊ लहान आहे. चांगली, पुढून पोकळ असलेली गोळी वापरा, पन्नास यार्डाच्या आत, तो उभा असताना, नीट जागेवर लागली तरच भागेल. त्याच्या पुढं झाडायचीच नाही.

"पन्नासच्या पुढं मला तरी कुठं दिसतंय," ती म्हणाली. "आणि गोठ्यापासून कुंपण तेवढंच आहे."

घरी येताना मी एकदा म्हटलं, तरी पण पंचेचाळीस असती तर. ती म्हणाली, "अहो, तुम्ही आयुष्यभर लोखंड कापलं. ते उलटून मारत नाही. हे मारतं."

त्यानंतर ती रोज दूध काढून झालं की कुंपणाच्या आतल्या मातीच्या ढिगाऱ्यावर सराव करायची. दमलेली असतानाच. मी रिकामी काडतुसं वेचायचो.

कायोटी आला तो पहाट उजाडल्यावर. मला खिडकीतून अंधुक राखाडी काहीतरी दिसलं. ती गोठ्याच्या दारात, डोक्याला स्कार्फ, अंगात माझं जुनं जाकीट. मला वाटलं आता झाडेल. झाडलीच नाही. तो चालत होता. ती थांबली. तो जाळीपाशी थांबून उकरायला लागला, तेव्हा तिनं एक गोळी झाडली. तो तिथंच पडला.

मी धावत गेलो. ती उपड्या बादलीवर बसली होती. म्हणाली, "फोन लावा तिला."

सनीव्हेलचं घड्याळ तीन तास मागं, तिकडं अजून रात्रच. मुलगी दचकून उठली. "आई? आर यू ओके? बाबा ठीक आहेत ना?"

"सगळे ठीक आहेत. शेळ्या पण. विषय संपला का?"

मुलगी मग हसली, आणि हसता हसता रडायला लागली. "संपला, आई."

पोरीनं शब्द पाळला. पुढं आजार परत उलटला, हाडात गेला, तेव्हाही तिनं सनीव्हेलचं नाव काढलं नाही. स्वतः रजा टाकून इथं आली. बायकोचा पलंग आम्ही गोठा दिसेल अशा खिडकीला लावला. तिथून ती आम्हाला हुकूम सोडायची: त्या काळीला कोंडा कमी घाला, ती माजलीय.

ती गेली ती त्याच पलंगावर, सकाळी.  बाहेर शेळ्या ओरडायला लागल्या, त्यांची दुधाची वेळ झाली होती. मुलगी उठली, बादली घेऊन आली आणि दारात उभी राहिली. मी जोडे घातले. आम्ही दोघं गोठ्यात गेलो आणि दूध काढलं.