प्रशांतच्या पेशी

असले अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी मी एक होते. आमच्या घरी नजर, बाधा हे शब्दही कुणी काढत नाही, आणि माझं तर कामच पुराव्याचं. अमरावतीला एका लॅबमध्ये पीएचडी करते.

रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर एक प्रथिन असतं. शरीरात जंतू शिरले की त्याच्या आधाराने या पेशी एकमेकींना चिकटतात, घोळका करतात. ते प्रथिन रोखणारं रसायन मी तपासते. रसायन घातलं की पेशी सुट्या राहतात... राहायलाच हव्यात.

मागच्या उन्हाळ्यात धाकटा भाऊ प्रशांत अकोल्याहून आला होता. चांगला धडधाकट, म्हणून रीतसर संमती घेऊन त्याचं रक्त घेतलं. आणखी काही जणांचंही होतं. सुरुवातीला सगळ्यांच्या पेशी शांत.

तो परत गेला, आणि मग एका दुपारी मायक्रोस्कोपला डोळे लावले तर — प्रशांतच्या पेशींचे गच्च घोळके! रसायन असूनही. बाकीच्यांच्या सुट्याच. डिशमध्ये जंतू शिरले का ते पाहिलं, द्रव स्वच्छ. नव्या बाटलीतलं रसायन घातलं. घोळके वाढतच होते.

सोबतच्या रूपालीला दाखवलं. "काहून चिपकून राह्यल्या ह्या?" ती पुटपुटली.

काय वाटलं कोण जाणे, फोन लावला.

"प्रशांत, बरा हायेस ना?"

"जराशी कणकण हाय, ताई. गोळी घेऊन पडलो. काहून?"

"दवाखान्यात जाय. आत्ताच."

"एवढ्याशा तापासाठी?"

"स्नेहलले फोन दे." त्याच्या बायकोला एवढंच म्हटलं, "मले काही विचारू नको. त्याले उठव अन् घेऊन जाय."

मी तशीच एसटीत बसले. मूर्तिजापूर मागे पडलं तेव्हा स्नेहलचा फोन आला. रडत होती. "बीपी लागूनच नाही राह्यला, ताई... आयसीयूत नेलं." त्याच्या रक्तात जंतू पसरले होते.

प्रशांत वाचला. ज्या सकाळी ताप उतरला, त्याच सकाळी रूपालीचा फोन आला — "तुह्या भावाच्या पेशी सुट्या झाल्या."

आमचे सर म्हणतात, आजार रक्त देतानाच अंगात असेल. असेल... पण मग रसायनाने पेशींना रोखलं का नाही? आणि अकोल्यात दिलेलं अँटिबायोटिक अमरावतीच्या डिशपर्यंत पोचलं कसं? मला अजूनही सांगता येत नाही.

परवा प्रशांतने स्वतःहून हात पुढे केला. "पुन्हा घे ना रक्त. पाहू, काय होते."

मी त्याची बाही खाली ओढली.