मीटर आणि मंगळसूत्र

डिंडोलीतल्या आमच्या खोलीत माझा नवरा आजूबाजूच्यांचे टीव्ही दुरुस्त करायचा. तो कापडाच्या कारखान्यात लूमवर कामाला गेला की पार्ट मीटर लावून तपासायचं काम माझं. डायोड, रेझिस्टर यांची मला भीती नव्हती. भीती होती ती मोठ्या कपॅसिटरची. प्लग काढला तरी मेला करंट धरून बसतो. त्यामुळे आधी मीटरवर करंट बघायचा, मग बल्ब लावून तो रिकामा करायचा.

नवऱ्याने बजावलं होतं, डावा हात पाठीमागे ठेव आणि मंगळसूत्र काढून ठेव. पहिलं मी ऐकायचे. दुसऱ्याची हिंमत नव्हती. नवरा तिकडे मशीनपाशी उभा असताना गळा मोकळा कसा करायचा? मी ते दातांत धरून वाकायचे.

त्या दुपारी मीटरची काळी वायर चिमट्याने अडकवली, लाल टेकवली. आकडा तीनशेच्या आसपास गेला. "अगं बाई!" माझ्या तोंडून निघालं, आणि दातांतलं मंगळसूत्र सुटून थेट कपॅसिटरच्या पायांवर पडलं. फटाका फुटावा तसा आवाज झाला. एका वाटीची कड जळून काळी पडली.

सासूबाई चुलीपासून धावत आल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलंच नाही. वाटी बघितली आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. "मना पोऱ्या बरा शे ना?" असं लेकाच्या काळजीने म्हणत त्या तशाच कारखान्याकडे धावत सुटल्या.

त्यांचा राग मला फार नंतर आला. तेव्हा मीही त्यांच्या मागे अनवाणी पळत होते, जळकी वाटी मुठीत घट्ट धरून.