हिरवे पडलेले बटाटे

शर्टांच्या कारखान्यात ती कॉलर शिवायची, म्हणून तिला सगळे कॉलरवालीच म्हणत. मशीनवर बसली की तिच्या तोंडाचा पट्टा सुईपेक्षा जोरात चाले. घरी आली की मात्र दातखीळ. कारण घरात नणंद होती.

नणंद टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेली, बिनलग्नाची, भावावर जीव टाकणारी. त्या भावाने शिलाईवाली करून आणली, हे तिच्या घशाखाली कधी उतरलंच नाही. भाऊ होता तोवर दोघींच्या मध्ये निदान एक माणूस होतं. तो गेला, आणि जाताना घर दोघींच्या नावावर करून दोघींची मोट बांधून गेला. विकायचं तर दोघींच्या सह्या हव्यात, आणि एकीने हो म्हटलं की दुसरी नाही म्हणणार, हे ठरलेलं. मग राहिल्या एकत्र. विळ्याभोपळ्याचं सख्य! बोलायचंच झालं तर भांड्यांशी बोलायच्या. "पातेल्या, तुला कोणी घासलं असतं तर बरं झालं असतं," असं.

कारखान्यातल्या इस्त्रीवालीने एकदा सांगितलं, की बटाटे पेंढ्यातही होतात, फार माती लागत नाही. कॉलरवालीच्या डोक्यात ते बसलं. काचसामानाच्या दुकानाबाहेर खोक्यांतला पेंढा रोज फेकलेला असायचा, तो तिने पोती भरून आणला. रंगाच्या रिकाम्या बादल्यांना तळाशी भोकं पाडली, चार बोटं माती घातली, तिच्यावर कोंब फुटलेले बटाटे मांडले आणि वर पेंढा. कोंब वर डोकावले की आणखी पेंढा.

"माणसं बाल्कनीत फुलं लावतात," नणंद कपड्यांच्या दोरीला म्हणाली. "आमच्याकडे गोठा केलाय."

कॉलरवालीने दोरीकडे पाहिलंसुद्धा नाही.

झाडं वाढली, पण पेंढा काही टिकेना. सकाळी बादली गच्च भरून जावं, संध्याकाळी येऊन पाहावं तर निम्मी रिकामी, पेंढा कोपऱ्यात. कबुतरं घरट्यासाठी काड्या उपसत असतील, असं तिने धरलं. कबुतरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत ती पुन्हा पुन्हा भरत राहिली.

एके दिवशी कारखान्यातली वीज गेली आणि भर दुपारी सगळ्यांना घरी पाठवलं. दार उघडून ती आत आली, तर बाल्कनीत नणंद स्टुलावर बसून दोन्ही हातांनी पेंढा उपसत होती.

"ताई!"

नणंद दचकली, पण उठली नाही. "काय झालं किंचाळायला? उंदीर होतील यात. मी बघून घेते रोज."

"रोज?"

"मग? तू दिवसभर बाहेर. घरात झोपायचं मला असतं."

"उघडे पडतात ते. वाट लागते."

"लागू दे. हे घर आहे, शेत नाही. आणि घर माझ्याही नावावर आहे."

कॉलरवालीने तिच्या हातातला पेंढा ओढला. नणंदेने सोडला नाही. दोन पिकल्या केसांच्या बायका मूठभर गवतासाठी ओढाताण करत राहिल्या, आणि समोरच्या गच्चीवरचा माणूस कपडे वाळत घालायचं विसरून बघत राहिला.

पुढे पानं पिवळी पडली, झाडांनी माना टाकल्या. सुटीच्या सकाळी तिने बादल्या उपड्या केल्या. तळाचे बटाटे गोरेपान निघाले, थोडेच. वरचे, चांगले मोठे, उजेड लागून हिरवे पडलेले. हिरवा बटाटा कडू होतो, पोटाला बाधतो, हे तिला ठाऊक होतं. चांगले तिने टोपलीत ठेवले, हिरवे पिशवीत घालून दाराशी ठेवले, फेकायला. आणि आंघोळीला गेली.

सावकाश केस धुऊन बाहेर आली तर नणंद जेवणाच्या टेबलाशी. पुढ्यात ताटली, उकडलेले बटाटे, मीठ. पिशवी रिकामी.

"मोठे मोठे बाजूला काढून दाराशी ठेवले होतेस," नणंद या वेळीही सरळ तिलाच म्हणाली. "कोणाला वाटणार होतीस? इस्त्रीवालीला? अर्धी बाल्कनी माझी आहे. अर्धे बटाटे माझे."

तिने एक फोड उचलली.

कॉलरवाली ओल्या केसांनी तशीच उभी राहिली. खा म्हणावं. रोज उपसलेस ना, आता खा पोटभर. हे सगळं तिच्या मनात आलं, आणि आल्याचं तिला वाईटही वाटलं नाही. फोड नणंदेच्या ओठांपर्यंत गेली, तेव्हा ती पुढे झाली आणि हातातली फोड हिसकावून ताटली कचऱ्याच्या डब्यात उपडी केली.

नणंदेचं तोंड उघडंच राहिलं.

"हिरवे आहेत ते. बाधतात. तुम्हीच उघडे पाडलेत म्हणून."

"म्हणजे मला विष घालणार होतीस?"

"घालणार असते तर काढून घेतले असते का?"

"तोंडचा घास काढून घेतलास माझ्या!" नणंद फोनकडे वळली.

दुपारपर्यंत साऱ्या गोतावळ्यात बातमी झाली. संध्याकाळी चुलतदीर समजूत घालायला आला. "वहिनी, म्हातारं माणूस आहे. दोन बटाट्यांसाठी असं करायचं?" कॉलरवालीने त्याला पाणी दिलं, खुलासा केला नाही. केला असता तरी फोनवरचा ताईंचा गोड आवाजच खरा ठरला असता.

तो गेल्यावर तिने टोपलीतले चांगले बटाटे तळले. वास घरभर सुटला. नणंद स्वयंपाकघराच्या दारात आली, थांबली.

"हे तरी चालतील का मला?" तिने विचारलं. आवाजात विनवणी नव्हती, टोमणाच होता.

"हे माझे आहेत," कॉलरवाली म्हणाली, आणि ताट घेऊन आपल्या खोलीत जाऊन तिने आतून कडी लावली.