बारीकसर आणि मोरीत गेलेली चांदी

शनिवारी संध्याकाळी मी आणि बारीकसर सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून मटार सोलत बसलो होतो. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. दोघांनी म्हणायचं आपलं. सोलत मी होतो. सर एक शेंग फोडायचे, दाणे तोंडात टाकायचे आणि टरफल हातात धरून विचारात पडायचे.

"आबा, ही टरफलं नंतर कोण उचलणार?"

"आधी सोला तरी."

कुठलंही काम असो, या माणसाचा हात आधी शेवटाला जायचा. लग्नाच्या पंगतीत पहिला घास घ्यायच्या आधी खरकटं कुठं टाकतात ते बघून यायचे. त्यांना बोलावणारे मग दुसऱ्यांदा बोलावत नसत.

बारीकसर हे नाव माझ्या मंडळीनं, हौसानं ठेवलेलं. सर अंगानं एवढे दांडगे की लिफ्टमध्ये ते शिरले की मी गपचूप जिना धरायचो. आमच्या समोरच्या खोलीत राहायला आले तेव्हा हौसानं चहाला बोलावलं आणि विचारलं, काय काम करत होता? म्हणाले, मी शास्त्रज्ञ, फार बारीक वस्तूंवर काम केलं, डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक. किती बारीक ते सांगायला त्यांना केस लागायचा. स्वतःला टक्कल, म्हणून माझ्या डोक्यातला उपटला आणि म्हणाले, "वहिनी, याच्या जाडीचे हजारो भाग करा. त्यातला एक भाग म्हणजे माझं काम."

हौसा म्हणाली, "दिसतच न्हाय तर पगार कशाचा घेत व्हता?"

सर इतके हसले की बशीतला चहा सदऱ्यावर. त्या दिवसापासून ते बारीकसर. आणि जो पाहुणा येईल त्याला समजवायला माझा एक केस जायचा. शेवटी मी टोपी घालायला लागलो.

मी तुर्भ्याच्या मार्केटात जन्मभर पोती वाहिली. शाळा चौथी, तीही मास्तरांनी ढकलली म्हणून. तरी सरांचं माझ्याशी जमलं, कारण त्यांना ऐकणारा पाहिजे होता आणि मला घरात बोलू देणारं कुणी नव्हतं. रिटायर झाल्यावर त्यांना दिल्लीच्या एका समितीत घेतलं होतं. या बारीक वस्तूंचं देशानं काय करायचं, कुठल्या संशोधनाला पैसा द्यायचा, त्यातून पाणी, शेती, वीज यांचं कसं भलं करायचं, याचं राष्ट्रीय धोरण लिहायचं काम. सर घरी बसून त्याचे कागद लिहायचे आणि संध्याकाळी मला वाचून दाखवायचे. मी ऐकता ऐकता झोपायचो. झोपलो की सर तिथं पेन्सिलीनं फुली मारायचे. जागा झालो की म्हणायचे, "इथं देश झोपणार. हे परत लिहितो." माझ्या झोपेचा देशाला एवढा उपयोग होईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

त्या कागदात शाश्वत विकास हा शब्द पानापानाला यायचा. एकदा विचारलं, शाश्वत म्हणजे नक्की काय? म्हणाले, "आपण गेल्यावरही जे चालू राहतं ते." मी म्हटलं, "मग आपल्या सोसायटीतली भांडणं." सरांनी तेही लिहून घेतलं. दिल्लीत सांगितलं की नाही ते माहीत नाही.

दिल्लीहून आले की दोन दिवस रुसलेले असायचे. "आबा, त्यांना जगात पहिला नंबर पाहिजे. मला नळाला चांगलं पाणी पाहिजे."

"दोन्ही लिहा की."

"दोन्ही लिहिलं. पहिला नंबर वर लिहिला, पाणी खाली."

"पाणी खालीच जाणार," हौसा आतून बोलली.

आता चांदीचं सांगतो. सरांच्या ओळखीच्या एका प्रयोगशाळेनं पाण्याचा फिल्टर केला होता. आत मातीची पांढरी कांडी आणि तिच्यावर चांदीचा लेप, तोही बारीकसरांच्या मापाचा बारीक. पाण्यातले जंतू त्यानं मरतात. लेपामुळं कांडी जरा काळपट तपकिरी दिसायची. सरांनी चाचणीला म्हणून तो फिल्टर आमच्या ओट्यावर आणून ठेवला. वापर कसा करायचा, पाणी किती ओतायचं, सगळं सांगितलं. हौसा मान डोलवत होती. तिचा डोळा कांडीवर होता.

सातारकडची बाई. तिच्या घरात काळं भांडं म्हणजे अब्रूला डाग. दुसऱ्याच दिवशी तिनं कांडी काढली, तारेची घासणी घेतली, वर चिंच लावली आणि अशी घासली की नवरीच्या दातासारखी पांढरी झाली. मग स्वतःच सरांना हाक मारून बोलावलं. "बघा, कसा चमकावलाय! तुमच्या लोकांनी तसाच मळका पाठवला व्हता."

सर कांडीकडं बघत राहिले. मग मोरीकडं बघितलं. मग आमच्या स्टुलावर बसले. स्टूल कुरकुरलं. शेवटी म्हणाले, "वहिनी, चांदी मोरीत गेली."

हौसाच्या हातातली घासणी खाली पडली. "अगं बाई! चांदी व्हती तर आधी सांगायचं न्हाय का! मी मोरीला फडकं बांधलं असतं!"

मला वाटलं आता सर चिडणार. किती वर्षांचं कुणाचं काम तिनं एका सकाळी खरडून काढलं होतं. पण सर हसायला लागले आणि हसता हसता मध्येच थांबले. "मोरीतून गटारात," म्हणाले. "गटारातून खाडीत. जंतू मारणारी चांदी खाडीत गेली तर तिथल्या कामाच्या बारीक जिवांचंही काय करील, कोण जाणे."

"बोंबील महाग हुनार का?" हौसानं विचारलं.

"तेच तर कुणी तपासलं नाही, वहिनी."

आमच्याकडं जेवायचं म्हणाले होते, पण जेवलेच नाहीत. समोर जाऊन लिहीत बसले. धोरणातला त्यांचा परिच्छेद तो असा झाला. त्याचा अर्थ मला त्यांनी सांगितला तो असा: घरात जाणारी कुठलीही नवी वस्तू आधी घरातल्याच हातांनी, घरातल्याच घासणीनं घासून तपासा. आणि तिच्यातून जे निघेल ते शेवटी कुठं जातं ते लिहून दिल्याशिवाय पैसा देऊ नका. मला वाचून दाखवलं तेव्हा मी जागा होतो. एकही फुली पडली नाही.

हौसाला कळलं तेव्हा तिला आनंदही झाला आणि लाजही वाटली. "माझं नाव घातलंय का?"

"नाव नाही घालत वहिनी. 'एक ज्येष्ठ महिला वापरकर्ती' असं लिहिलंय."

"ज्येष्ठ खोडा," ती म्हणाली.

सरांनी खरंच खोडलं.

दिल्लीत त्यावर पुष्कळ वाद झाला म्हणे. एक जण म्हणाला, परिच्छेद कशाला पाहिजे, वापरणाऱ्यांना प्रशिक्षण द्या म्हणजे झालं. सर म्हणाले, "आमच्या वहिनींना? तुम्ही द्या. मी बाहेर थांबतो."

मग हौसा गेली. कशानं गेली ते लिहीत नाही, मला जमत नाही. तेराव्याला सगळ्यांनी धीर धरा म्हणून सांगितलं. धीर कुठं धरायचा असतो ते एकानंही सांगितलं नाही. बारीकसरांनी विचारलं, "आबा, दूध कुठलं घेता?" दुसऱ्या सकाळपासून दोन पिशव्या आणायला लागले, एक त्यांची, एक माझी. चहा माझ्याकडं व्हायचा. कप ते धुवायचे. फार वाईट धुवायचे, मी नंतर परत धुवायचो. मी रडलो की ते बोलायचे थांबायचे नाहीत. धोरणाचं वाचन चालूच. एकदा मी चिडून म्हटलं, "माझी बायको मेलीय आणि तुम्ही मला देशाच्या बॅटऱ्या काय सांगताय?" म्हणाले, "मग काय सांगू? मला बाकी काही येत नाही." खरं होतं ते. मी म्हटलं, वाचा.

तर त्या शनिवारी, टरफल हातात घेऊन, सरांनी मला सांगितलं की परिच्छेद गेला.

"कुठं गेला?"

"काढला. मसुदा लांब होत होता. आता लोकांच्या सूचनांसाठी खुला केलाय, सोमवारपर्यंत."

"मग तुम्ही सूचना करा."

"मी समितीत आहे. आतल्या माणसाला बाहेरून ओरडता येत नाही."

मी मटाराचं पातेलं खाली ठेवलं. देशाचं काय व्हायचं ते होवो. पण त्या कागदात माझी हौसा होती. नाव नसलं तरी होती. तिचा फोटो भिंतीवर आहे, तो मी गेल्यावर मुलगा उतरवणार. तो कागद तेवढा राहणार होता.

"मी पाठवतो," म्हटलं.

"सोमवारी चहा झाल्यावर झेरॉक्सवाल्या ताईकडं जाऊ दोघं. पण माझी वाक्यं वापरू नका, समितीला लगेच ओळखू येतील. तुमच्या शब्दांत सांगा."

"माझ्या शब्दांत शिव्या येतात, सर."

"त्या गाळून काय उरतंय ते बघू."

एवढं बोलून ते टरफलं कोपऱ्यावरच्या गाईला घालायला गेले. गाईनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. सर तिथंच उभे राहून तिला समजावत होते.

रविवारी सकाळी दूध आलं नाही. मी दार वाजवलं, मग वॉचमनला बोलावलं. झोपेतच गेले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय. नागपूरहून पुतण्या आला, संध्याकाळी सगळं उरकलं. तिरडी जिन्यानं उतरवताना चौघांना धाप लागली. मी खालून हात दिला. तेवढं अजून येतं मला.

सोमवारी चहा केला नाही. कपडे घातले आणि स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्या ताईकडं गेलो. ती कंप्युटरवरून अर्ज पाठवून देते. म्हटलं, दिल्लीला सूचना पाठवायचीय, राष्ट्रीय धोरणावर. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, पण पान उघडलं.

"नाव सांगा काका. व्यवसाय?"

"विधुर."

"तो व्यवसाय नाही होत."

"दिवसभर तेच करतोय."

तिनं निवृत्त माथाडी कामगार असं घातलं. "बोला, काय लिहू?"

मी बोलायला लागलो. माझी बायको हौसाबाई, तिनं तुमची कांडी घासली. चूक तिची नाही. काळं दिसलं की आमच्या घरात घासतात, देशभर घासतात. मध्ये दोनदा शिवी आली. ताईनं विचारलं, ही ठेवू का? म्हटलं, गाळा. गाळून बरंच उरलं. तिनं सगळं वाचून दाखवलं, मी जागा होतो.

"संदर्भासाठी कुणाचं नाव द्यायचं?" तिनं विचारलं.

"हौसाबाईचं द्या. पूर्ण. ज्येष्ठ लावू नका."

मग बटण कुठलं ते विचारलं आणि माझ्या बोटानं दाबलं.