उधाण्या आणि माझी काठी

मोरा बंदराच्या धक्क्यावर लाँचवाल्याने ‘कुत्रं नको’ म्हणून हात हलवला, तेव्हा आईने उधाण्याला सरळ गोणीत घातलं. “मीठ हाय त्यात,” ती म्हणाली. तेवढ्यात मीठ शिंकलं. लाँचवाला हसला आणि आम्ही दोघे मुंबईला निघालो. मी काठीवर, तो गोणीत.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. मिठागराचा बांध दुरुस्त करताना माझ्या पायावर दगड पडला. हाड जुळलं, पण पाय टेकायची भीती गेली नाही. शिवडीला काकांच्या खोलीत राहून गोण्या शिवायचं बसून करायचं काम मिळालं. डॉक्टर म्हणाले, चाला. मी खाटेवर पडून भिंत बघत राहायचो. खोटं कशाला सांगू, जगण्याचाच कंटाळा आला होता.

उधाण्याला ते मान्य नव्हतं. गावी भरती आली की बाबा त्याला घेऊन बांधावर जायचे, खेकड्यांनी पाडलेली भोकं चिखलाने बुजवायला. शिवडीच्या खाडीचा वास त्याला पुरेसा होता. भरती रोज पाऊण तास पुढे सरकते, तसा तोही रोज पाऊण तास उशिरा माझा लेंगा ओढायचा. शेजारी म्हणायचे, कुत्रं वेडं आहे. मी ठरवलं, वेड्याबरोबरच जायचं. पहिल्या दिवशी नुसता जिना उतरलो. मग कोपऱ्यावरचा पिंपळ, आणि दोनेक महिन्यांत खाडीची भिंत. पाय ठणकायचा, मी दात-ओठ आवळून चालायचो. हळूहळू भूक लागू लागली, झोपही.

एका दुपारी त्या भिंतीच्या बुडाशी भोकातून पाणी आत येताना दिसलं. उधाण्या भुंकला आणि मी धावलो. दोन्ही हातांनी चिखल उपसून भोक बुजवलं, वर पायाने दाबलं. शेजारच्या वखारीचा रखवालदार ओरडत आला, “अरे बाबा, गटार कशाला बुजवतोस?”

मी चिखलातच बसून पोट धरून हसलो. मुंबईत आल्यापासून पहिल्यांदाच. मग मागे पाहिलं. काठी वीस पावलांवर पडली होती.

गाववाल्यांनो, तिकडे करमतं का, असं तुम्ही विचारता. मागल्या वर्षी उधाण्या गेला, तेव्हा मी खूप रडलो. आईला कळवलं. तिने कुणाकडून तरी लिहवून घेतलं, “मंग आता बांधावर कोन जातं?”

मी जातो, आई. रोज, पाऊण तास उशिरा.